वडिलांची वही

२९ नोव्हेंबर हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्थापना दिवस. १९७० साली या दिवशी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या. त्याच वर्षी ४ मार्चला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्या एका दमात आठवाव्यात. त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली मिशनची नावे ज्या वर्षी पुसली गेली, त्याच वर्षी त्याचे नवे गाव कागदावर आले.

पुसल्या गेलेल्या नावांपैकी एक होते ‘प्रेस्बिटेरियन’. मराठी जिभेला हा शब्द कधी पेललाच नाही. जुनी माणसे ‘आम्ही स्कॉच मिशनचे’ एवढे सांगून मोकळी होत. जालन्याकडची माणसे असे सांगत, तर मिरज-कोल्हापूरकडची ‘अमेरिकन मिशनचे’ म्हणत, आणि नगरकरही अमेरिकन मिशनचेच म्हणत. पण नगरचे अमेरिकन वेगळे आणि कोल्हापूरचे वेगळे, हे फक्त पाळकसाहेबांना ठाऊक असे. वास्तविक शब्द साधा आहे. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरॉस’ म्हणजे वयाने थोर माणूस. मराठी बायबलने त्यासाठी आपल्या घरातलाच शब्द घेतला, ‘वडील’. मंडळीने आपल्यातून निवडलेल्या वडिलांनी मिळून कारभार पाहायचा, पाळकानेही त्यांच्या बरोबरीने बसायचे, वर कोणी बिशप नाही, हे या पंथाचे सार. जॉन कॅल्विनने १५४१ साली जिनिव्हात त्याची घडी बसवली आणि जॉन नॉक्सच्या पुढाकाराने १५६० साली स्कॉटलंडने ती उचलली. स्थानिक वडीलमंडळ, त्याच्यावर परिसरातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, मग सिनड, मग महासभा. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वडिलांचे राज्य नेहमी मायेचेच असते असे मात्र कोणी समजू नये. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाआधी वडील घरोघर जाऊन चौकशी करत आणि लायक ठरलेल्याला शिशाचे एक लहानसे टोकन देत. रविवारी ते टोकन दाखवले तरच भोजनाच्या मेजाशी जागा मिळे. आपल्या कारखान्यांच्या गेटवर पूर्वी पितळी बिल्ला टांगायची जी पद्धत होती, तिचाच हा आध्यात्मिक भाऊ. बिल्ला फळ्यावर नसेल तर खाडा. आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांतही दारू, भांडण, जुन्या चालीचे लग्न अशा कारणांवरून माणसाला भोजनातून बाजूला ठेवत, आणि गावात त्याची चर्चा भोजनापेक्षा जास्त चाले. पण हेच वडील नावे लिहीत, हिशेब लिहीत, सभेचे वृत्त लिहीत. त्या लिहिण्याबद्दलच आज सांगायचे आहे.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल १८२३ साली कोकणात आला आणि बाणकोटला काम सुरू झाले. पुढे मुंबई आणि पुणे ही केंद्रे झाली. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी तिथे प्रेस्बिटेरियन पद्धतीची देशी मंडळी स्थापन केली. विल्सन कॉलेजमुळे नाव माहीत असलेले विल्सन ते हेच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घडणीवरचे टिपण त्यांचेच आहे. त्यांच्याच मिशनमधल्या जॉन स्टीव्हन्सन यांनी मराठीचे व्याकरण लिहिले. धर्मांतराच्या वादात ही माणसे कुठल्या बाजूला होती हे उघड आहे, पण त्या वादासाठी तरी त्यांना आपली भाषा मुळापासून शिकावी लागली. त्या वादाचे चटकेही खरे होते. १८४३ साली नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या हुकमाने आईबापांकडे परत गेला. त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

नारायण शेषाद्री पुढे दीक्षित पाळक झाले आणि जालन्याला गेले. निजामाच्या मुलखात जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाचे गावच वसवले. आलेली माणसे बहुतांशी मांग समाजाची होती. ज्यांना गावात पाणवठा नव्हता त्यांचे स्वतःचे गाव झाले. त्यासाठी पैसा जमवायला हे दक्षिणी ब्राह्मण कुळातले, पागोटे घातलेले गृहस्थ स्कॉटलंड-अमेरिकेपर्यंत जाऊन व्याख्याने देत फिरले. इकडे पुण्यात ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजींनी याच स्कॉच मिशनच्या, म्हणजे तेव्हाच्या फ्री चर्चच्या, मंडळीचे पाळकपण केले. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा माणूस दर रविवारी पुण्यात उपदेश करत होता, हे मराठीचे किती प्राध्यापक वर्गात सांगतात? दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात पोचले. १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले आणि त्याच झाडाला पुढे विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय लागले.

हे ‘फ्री चर्च’ काय होते तेही सांगायला हवे, कारण आजच्या भांडणांशी त्याचा संबंध आहे. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडले. पाळक कोण असावा हे गावचा जमीनदार ठरवणार की मंडळी, एवढाच मुद्दा होता. बाहेर पडणाऱ्यांनी पगार सोडला, राहती घरे सोडली, चर्च सोडले. भारतातले मिशनरीही त्यांच्या बाजूने गेले आणि विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईतल्या इमारतींवर पाणी सोडावे लागले. त्यांनी भाड्याच्या जागेत पुन्हा वर्ग मांडले.

१९७० नंतरच्या आपल्या इतिहासात मात्र इमारत सोडल्याची उदाहरणे शोधावी लागतात. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीच ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ म्हणून एकत्र आल्या होत्या. १९७० मध्ये त्यांनी अँग्लिकन आणि इतरांबरोबर बिशपसुद्धा स्वीकारला. मनाने ते सगळ्यांना जमले नाही. कोणत्या भूखंडावर कोणाचे नाव, कोणता ट्रस्ट कोणात विलीन झाला, यावर वर्षानुवर्षे दावे चालले. ब्रदरन पंथाच्या गुजरातमधल्या मालमत्तेबाबत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसता एकत्र येण्याचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच असेल. पण मंडळीच्या वार्षिक सभेत बायबलपेक्षा सातबाऱ्याचा उतारा जास्त वेळा उघडला जाऊ लागला, याचे वाईट वाटते.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट अशी एखाद्या मिशनऱ्याच्या बंगल्यापासून सुरू होत नाही. ती कारखान्याच्या वसाहतीतल्या खोलीत सुरू होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग आकुर्डीला बजाज, पिंपरीत टेल्को, भोसरीत त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे. १९७२ च्या दुष्काळाने नगर, बीड, जालना, उस्मानाबादची माणसे उचलून पुण्याच्या रस्त्याला लावली. त्यात ख्रिस्ती होते, आणि बहुतेक सगळे पूर्वाश्रमीच्या महार-मांग वस्त्यांतले.

मिशनऱ्यांनी आपसात मुलूख वाटून घेतला होता. एका तालुक्यात एकच मिशन, दुसऱ्याने तिथे जायचे नाही. त्यामुळे गावाकडच्या ख्रिस्ती माणसाला आपल्यापेक्षा वेगळी उपासना असते हेच ठाऊक नसायचे. नेवाशाजवळच्या वडाळा मिशनचा माणूस आणि मिरजेचा माणूस आयुष्यात एकमेकांना भेटायचे कारण नव्हते. ते भेटले पिंपरीत, एकाच पाळीत, एकाच लेथच्या रांगेत. डब्यावर बसताना एकाने डोळे मिटून प्रार्थना केली आणि दुसऱ्याने विचारले, ‘काय हो, तुम्ही पण का?’ नागपूरला बिशपांनी आणि मॉडरेटरांनी अनेक वर्षांच्या वाटाघाटी करून जे १९७० साली साधले, ते इथे एका वाक्यात होऊन गेले.

या पट्ट्यातल्या एका मंडळीची सभासदांची वही मला काही वर्षांपूर्वी पाहायला मिळाली. नाव सांगत नाही, त्यांना प्रसिद्धीची हौस नाही. लाल कापडी पाठीची लांबट वही, दुकानदार खतावणीला वापरतात तशी. मध्ये मध्ये वाळवीने खाल्लेली. रेघा हाताने मारलेल्या. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, बाप्तिस्म्याची तारीख, कोठून आले, दाखला. जुन्या रीतीप्रमाणे माणूस एका मंडळीतून दुसरीकडे जाताना पाळकाच्या सहीचा दाखला नेतो: हा आमचा चांगला सभासद होता, याला आपल्यात घ्यावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच प्रकार. पहिल्या पानावर ‘कोठून आले’ या रकान्यात होते: जालना, वडाळा, राहुरी, जालना, मिरज, बीड, शिरूर. आणि दाखल्याच्या रकान्यात पाचव्या की सहाव्या नावापुढे निळ्या शाईत बारीक अक्षरात लिहिलेले: ‘दाखला नाही. दोघा सभासदांची साक्ष.’ दुष्काळात घर सोडताना पाळकाची सही घ्यायला कोण थांबणार? पण लिहिणाऱ्याने रकाना मोकळा सोडला नाही. साक्ष मागितली आणि तसे नोंदवले.

त्याच कपाटात सभावृत्ताची वही होती. पहिली सभा एका सभासदाच्या क्वार्टरमध्ये. हजर अकरा. विषय पहिला, उपासनेला जागा. विषय दुसरा, तीन वडिलांची निवड. विषय तिसरा, पेटी दुरुस्ती. म्हणजे पाळक मिळण्याच्या आधी, जागा मिळण्याच्या आधी, या अकरा माणसांनी वडील निवडले होते. त्यांतले किती जण स्कॉच मिशनचे आणि किती दुसरे कुठले, हे वहीवरून कळत नाही. कोणी त्यांना प्रेस्बिटेरियन म्हटले असते तर ते गोंधळले असते. तरी विल्सनना जी पद्धत मुंबईत रुजवायची होती ती इथे आपसूक उगवली होती.

पुढची पाने मी तिथेच बसून वाचली. शाळेचा हॉल रविवारी सकाळी दोन तास भाड्याने. हॉलचे भाडे वाढले. हॉल गेला. एका दुकानाच्या वरची खोली. वर्गणी: कायम कामगार महिना इतके, हंगामी कामगार इतके, काम सुटलेल्याला माफ. संप चालू असल्याने अर्पण कमी. आणि एक नोंद अशी, जी या पट्ट्याबाहेर कुठे सापडायची नाही. भोसरी-पिंपरीत पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून भागाभागाला सुटीचा वार ठरवून दिलेला, आमच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणजे ज्याच्या धर्माचा मुख्य वार रविवार, त्याची रविवारी ड्युटी. वडिलांनी ठराव केला: ‘गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला दुसरी उपासना व्हावी. प्रभुभोजन दोन्ही वेळा.’ एका सदस्याने हरकत घेतली होती की शब्बाथ माणसाने बदलू नये. हरकत नोंदवली आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. हरकत घेणाऱ्याचे नाव दुसऱ्याच गुरुवारच्या हजेरीत आहे.

आज या मंडळीला स्वतःची इमारत आहे. तिचे वर्धापन दिन होतात. फ्लेक्स लागतात, त्यावर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि पाळकसाहेबांचा त्याहून किंचित लहान. शाल-श्रीफळ होते, बिर्याणी होते. माझी तक्रार बिर्याणीबद्दल नाही. पण स्मरणिकेत मंडळीचा इतिहास छापताना कोनशिलेपासून सुरुवात करतात, आणि त्या क्वार्टरमधली अकरा माणसे ‘काही श्रद्धावान कुटुंबे’ या दोन-तीन शब्दांत गुंडाळली जातात. मंडळीचे वय कोनशिलेपासून मोजायचे नसते. ज्या दिवशी तिने आपल्यातून माणसे निवडून त्यांना जाब विचारायचा हक्क ठेवला, त्या दिवसापासून मोजायचे. हिशेब न मांडता अध्यक्षपदाला चिकटून बसणारे, निवडणूक आली की कोर्टात धावणारे आजचे कारभारी पाहिले की ती वाळवी लागलेली वही जास्तच प्रतिष्ठित वाटते. वर्धापन दिनाला पाहुणा बोलावण्याऐवजी त्या वहीतली दहा पाने कोणी उभे राहून वाचून दाखवावीत. स्कॅन करून ठेवावीत हे तर सांगायलाच नको. पावसाळ्यात त्या कपाटाखाली पाणी येते.

वहीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या होत्या, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेला मांग किंवा महार आजही त्याबाहेर आहे. त्यामुळे अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि रविवारी दुसरी, अशी विभागणी झाली. कोणी त्याला ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही, ज्याच्या मुलाची फी भरायची असते त्याला विचारा. परंतु सरकारी कागदावर ज्यांना आपले म्हणणे लिहिता येत नाही, त्यांचे म्हणणे जिथे लिहिले गेले अशी जागा ही वहीच आहे.

आता पट्टा चाकणपर्यंत गेला. एके काळी चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. १९९९ मध्ये बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन, त्याच सुमारास मर्सिडीज आणि महिंद्र. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. कोरियात प्रॉटेस्टंटांमध्ये सगळ्यांत मोठी शाखा प्रेस्बिटेरियनांचीच, त्यामुळे बाणकोटला उतरलेला हा शब्द आता मोटारींच्या मागून तळेगावात यायचा. महाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी इथे शेतकऱ्यांनी बांधलेल्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच पोरे राहतात. कंत्राट सात महिन्यांचे, फार तर वर्षाचे. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, ईशान्य भारत. यांच्यात ख्रिस्ती खूप आहेत. आमच्या मराठी मंडळ्यांना त्यांचे काय करावे हे अजून उमगलेले नाही. मागच्या बाकावर बसतात, गीत समजत नाही, तरी ओठ हलवतात, अर्पण टाकतात आणि चहाला न थांबता जातात. सभासद करून घ्यायचे तर घटनेप्रमाणे ठरावीक मुदतीचा रहिवास लागतो, आणि तेवढ्यात त्यांचे कंत्राट संपते. ज्या मंडळीचे आजोबा दाखल्याविना आले होते आणि दोघांच्या साक्षीवर आत घेतले गेले, तिने आज नियमावर बोट ठेवावे, हे बरे दिसत नाही.

मिझोरमची मुले-मुली पुण्यात शिकायला, नर्सिंगला, लष्करात, हॉटेलांत बरीच वर्षे येत आहेत. तिथे वेल्श मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लावलेले प्रेस्बिटेरियन रोप आता त्या राज्यातले सगळ्यांत मोठे चर्च आहे, आणि त्यांनी नाव सोडलेले नाही. त्यांची एक रीत मला फार आवडते. घरातली बाई प्रत्येक वेळी भात टाकताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. ‘बुहफाइ थाम’ म्हणतात त्याला. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांचा केवढा तरी खर्च भागतो. कर्मवीर अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड ज्या महाराष्ट्राने पाहिला आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

गेल्या वर्षी मी त्या वहीवाल्या मंडळीत पुन्हा गेलो होतो. उपासना संपल्यावर चिटणीस टेबलाशी वर्गणीच्या पावत्या फाडत होते. चाकणच्या एका हॉटेलात काम करणारी एक मुलगी आली आणि तिने प्लास्टिकच्या पाकिटातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली शिक्का आणि एका वडिलांची सही. तिच्या मंडळीचा दाखला होता. चिटणीसांनी तो दोनदा वाचला. असा कागद पंधरा-वीस वर्षांत कोणी आणला नव्हता, असे ते मला नंतर म्हणाले. तेव्हा मात्र काही न बोलता ते आत गेले, कपाट उघडले आणि वही घेऊन आले. आता नवी वही आहे, पण रकाने तेच. नाव लिहिले, तारीख लिहिली. ‘कोठून आले’ पाशी पेन थांबले. त्यांनी ‘ऐजवाल’ लिहिले आणि तिला वाचून दाखवले. ती हसून मान हलवायला लागली. त्यांनी ते खोडले, तिला दोनदा म्हणायला लावले आणि वर लिहिले, ‘आयझॉल’. मग शेवटच्या रकान्यात: ‘दाखला आहे.’